पिवळा दिवा एकच, पण टीपीएमएस दोन तऱ्हेची

समृद्धीवर जालना सोडलं की गाडी शंभरच्या पुढे कधी जाते ते कळतही नाही. अशा वेगात कमी हवेच्या टायरची बाजू सतत दबत राहते, तापते आणि शेवटी फाटते. म्हणून डॅशबोर्डवर उद्गारचिन्हाचा पिवळा दिवा लागला की गाडी बाजूला घ्याच. पुढे काय करायचं, ते मात्र टीपीएमएस, म्हणजे टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी सिस्टिम, कोणती यावर ठरतं.

डायरेक्ट प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी सेन्सर असतो. तो दाब मोजून रेडिओ लहरींनी कळवतो. स्क्रीनवर चारही चाकांचे आकडे दिसत असतील तर तुमच्याकडे हाच प्रकार आहे.

इनडायरेक्ट प्रकार हवा मोजतच नाही. हवा उतरलेल्या चाकाचा घेर किंचित घटतो आणि ते इतरांपेक्षा जरा जास्त फिरतं. एबीएसचे, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर हा फरक पकडतात. योग्य हवा कोणती, हे आपण रीसेट करून सिस्टिमला सांगायचं असतं, आणि घोळ इथेच होतो. परभणीच्या थंडीत सकाळी दिवा लागला आणि हवा न भरताच रीसेट दाबलं, की तिच्या हिशेबी ती कमी हवाच बरोबर ठरते. चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर साध्या सिस्टिमला पत्ताही लागत नाही. म्हणून आधी थंड टायरमध्ये दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा, मगच रीसेट करा. आणि मे महिन्यात भर दुपारी गेजवर आकडा वाढलेला दिसला, तर ती हवा सोडू नका. टायर निवल्यावर दाब आपोआप खाली येतो.

अमेरिकेत सप्टेंबर 2007 पासून नव्या कारना टीपीएमएस सक्तीची आहे, पण तिथला नियम 25 टक्के हवा उतरल्यावर दिवा लागावा असा आहे. म्हणजे 33 पीएसआयची हवा 25च्या खाली जाईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो. युरोपात नोव्हेंबर 2014 पासून प्रत्येक नव्या कारला ती लागते. आपल्याकडे सक्ती नाही. मात्र 2020 च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर किट असलेल्या कारला स्टेपनी नसली तरी चालते. गाडी घेताना डिकी उघडून बघाच. गेवराई-माजलगाव रस्त्यावर रात्री टायरची बाजू फाटली तर किटचा काही उपयोग नाही.

डायरेक्ट प्रकार असेल तर पंक्चरवाल्याने टायर उतरवायच्या आधीच त्याला आत सेन्सर असल्याचं सांगा. व्हॉल्व्हजवळ पाना घातला की सेन्सर तुटू शकतो, आणि नवा घ्यायला पंक्चरच्या कितीतरी पट पैसे जातात.