एका ठिपक्यात सव्वातीनशे एकर

"सर्व्हर वाढवा." संकेतस्थळावरचा नकाशा रेंगाळायला लागला की पहिला सल्ला हाच मिळतो, आणि पैसे सल्ला देणाऱ्याच्या खिशातून जाणार नसतील तर जरा जास्तच ठामपणे मिळतो. मीही तो एकदा ऐकला होता. एका कार्यालयासाठी केलेला नकाशा होता: अमरावती विभागातल्या पाच जिल्ह्यांतल्या शेतांचे गट. उघडला की आधी सगळे करडे चौकोन. मग मधलाच एखादा भरायचा, मग कोपऱ्यातला, बाकीचे तसेच. बोळकं झालेल्या तोंडासारखं दिसायचं ते. मेमरी दुप्पट केली. नकाशा होता तिथेच राहिला, बिल तेवढं वाढलं.

ते चौकोन का दिसतात, तिथूनच सुरुवात करू. २००५च्या फेब्रुवारीत गूगल मॅप्स आलं आणि नकाशा तुकड्यांत पाठवायची रीत घरोघरी पोचली. या तुकड्याला टाइल म्हणतात. फरशीसारखाच चौकोन, बहुतेक ठिकाणी २५६ ठिपके रुंद आणि २५६ उंच. शून्य नंबरच्या झूमला सगळं जग एका टाइलवर मावतं. पुढच्या प्रत्येक पायरीला एका टाइलच्या चार होतात. दहाव्या झूमला जगाच्या साडेदहा लाख टाइल होतात आणि अठराव्याला सुमारे ६,८७२ कोटी. एवढ्या कोणी आधीच रंगवून ठेवत नाही. बऱ्याचशा टाइल कोणीतरी मागितल्यावरच तयार होतात, आणि उशीर होतो तो तिथे.

मागणी आली की सर्व्हर आधी बघतो, ही टाइल पूर्वी कधी काढली होती का. नसेल, तर डेटाबेसला विचारतो की या चौकोनात काय काय आहे. आलेल्या नद्या, रस्ते, हद्दी तो खालून वर एकेक थर देत रंगवतो, वर नावं लिहितो, चित्र दाबून लहान करतो आणि पाठवतो. यातली कुठलीही पायरी तुंबू शकते. चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून लगेच कोणी गच्चीवरची टाकी मोठी करत नाही; आधी व्हॉल्व्ह बघतात, पंप बघतात. सर्व्हरच्या बाबतीत मात्र भलेभले थेट टाकीच्या दुकानात जातात.

पाहणं फार अवघड नसतं. ब्राउझरमधलं नेटवर्कचं पान उघडलं की प्रत्येक टाइलपुढे दोन वेगवेगळ्या वेळा दिसतात: उत्तराची वाट पाहण्यात गेलेली आणि उत्तर उतरवून घेण्यात गेलेली. दुसरी मोठी असेल तर तुमचं इंटरनेट मंद आहे किंवा चित्रं जड आहेत. पहिली मोठी असेल तर गुन्हेगार सर्व्हरवर बसलाय. पुढचा शोध मी अगदी गावठी पद्धतीने घेतो: एकेक थर बंद करायचा आणि तीच टाइल पुन्हा मागायची. आमच्या नकाशात रस्ते बंद केले, काही नाही. नद्या बंद केल्या, थोडा फरक. गटांचा थर बंद केला आणि नकाशा डोळ्याचं पातं लवायच्या आत समोर.

आता जरा हिशेब. नकाशा सातव्या झूमला उघडायचा, म्हणजे पाचही जिल्हे एका नजरेत. वऱ्हाडाच्या अक्षांशावर या झूमला पडद्यावरचा एक ठिपका जमिनीवरच्या साधारण १,१४५ मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद तुकड्याएवढा असतो. एकरांत मोजलं तर सव्वातीनशे एकर. एका ठिपक्यात! अमरावती विभागाचं क्षेत्रफळ सुमारे ४६ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे हा सगळा विभाग पडद्यावर जेमतेम ३५ हजार ठिपक्यांत आटोपतो. आणि त्यासाठी सर्व्हर लाखो गट, प्रत्येकाचे दहा-वीस-पन्नास कोपरे, एकूण एक डेटाबेसमधून उपसत होता. मग एकाच ठिपक्यावर शेकडो हद्दींच्या रेघा एकीवर एक मारत होता. पडद्यावर काय उमटायचं? करडा ढग.

रेघा मारणारी प्रणाली आळशी नव्हती. उलट अडचण तिच्या प्रामाणिकपणाची होती. ओपनस्ट्रीटमॅपची नेहमीची टाइल वर्षानुवर्षं ज्या मॅपनिकने रंगवली, किंवा जिओसर्व्हर, मॅपसर्व्हर यांसारखी इतर अवजारं, ती सगळी सांगितलेलं काम मुकाट करतात. 'हे कोणाला दिसणार आहे का?' असं विचारणं त्यांच्या स्वभावात नाही. तो प्रश्न नकाशा करणाऱ्याने विचारायचा असतो. कागदावर नकाशे काढणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं, कारण शाई आणि मनगट दोन्ही त्यांचं स्वतःचं होतं. संगणकाचं मनगट दुखत नाही, म्हणून आपण विसरलो.

त्यामुळे पहिला उपाय म्हणजे शैलीच्या फाइलमध्ये (काय, कसं रंगवायचं ते सर्व्हरला सांगणारी फाइल) एक ओळ: गट तेराव्या झूमच्या आधी काढूच नकोस. दुसरा उपाय सरलीकरणाचा. दूरवरून बघताना रेघेचे बारीक वळसे गाळून टाकायचे. यासाठी डेव्हिड डग्लस आणि थॉमस प्यूकर यांनी १९७३ साली मांडलेली युक्ती आजही जगभर चालते. रेघेच्या दोन टोकांमध्ये दोरी ताणायची आणि दोरीपासून सगळ्यात लांब पडलेला बिंदू शोधायचा. तो ठरवलेल्या अंतरापेक्षा लांब असेल तर ठेवायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पुन्हा हाच खेळ. नसेल तर मधले सगळे बिंदू पुसून टाकायचे. 'ठरवलेलं अंतर' एका ठिपक्याएवढं धरलं तर डोळ्याला फरक कळत नाही.

किती तपशील ठेवायचा यावर रेघेची लांबीसुद्धा बदलते. भारताचा किनारा आपण शाळेत ७,५१६ किलोमीटर म्हणून पाठ केला. तो आकडा १९७०च्या दशकात ४५ लाखांस एक अशा प्रमाणाच्या नकाशावरून काढलेला. अलीकडे अडीच लाखांस एक प्रमाणावर पुन्हा मोजल्यावर तो ११,०९८ किलोमीटर भरला. महाराष्ट्राचा ६५२ वरून ८७७ वर गेला. समुद्राने एक इंचही जमीन दिलेली नाही. फक्त खाड्यांची आतबाहेर या वेळी मोजली गेली. तेव्हा पूर्ण देश दाखवणाऱ्या टाइलसाठी दाभोळच्या खाडीचं प्रत्येक वळण डेटाबेसमधून ओढून आणणं म्हणजे लग्नाच्या आमंत्रणासाठी जनगणनेची यादी वाचण्यासारखं आहे.

सरलीकरणात एक खोच मात्र आहे. दोन शेजारच्या गटांचा बांध एकच असतो, पण डेटाबेसमध्ये तो दोनदा लिहिलेला असतो. प्रत्येक गट वेगवेगळा सरळ केला तर एकाचा कोपरा राहतो, दुसऱ्याचा जातो, आणि मध्ये पाचर पडते. बांधावरून भांडणं आधीच काय कमी आहेत! सामाईक हद्द एकदाच सरळ करणारी, शेजार ओळखणारी पद्धत तिथे वापरावी लागते.

एवढं करून आम्ही खूश झालो आणि मग आत झूम करून पाहिलं. पंधराव्या झूमला एका टाइलमध्ये मोजकेच गट, तरीही तोच रखडा. म्हणजे आणखी कोणीतरी होतं.

डेटाबेसला, तू हा प्रश्न सोडवतोस कसा, असं विचारता येतं. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये त्या आज्ञेचं नाव एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ. उत्तरात 'सीक्वेन्शियल स्कॅन' असे शब्द आले. अर्थ असा, की एका टाइलसाठी तो पहिल्या गटापासून शेवटच्या गटापर्यंत प्रत्येकाला विचारत होता, बाबा, तू या चौकोनात येतोस का? वास्तविक यासाठी इंडेक्स असतो, म्हणजे शोधायची सूची. अँटोनिन गटमन यांनी १९८४ साली आर-ट्री नावाची रचना मांडली, तिच्याच कुळातला. तो चालतो टपालासारखा. प्रत्येक आकृतीभोवती एक सरळ चौकट आखायची, जवळच्या चौकटी एका मोठ्या चौकटीत घालायच्या, त्या आणखी मोठ्या चौकटीत. मग शोधताना जिल्हा जुळत नसेल तर त्यातल्या तालुक्याकडे आणि गावाकडे बघायचंच नाही.

आमच्याकडे हा इंडेक्स होता. बांधलेला होता, ताजा होता आणि निरुपयोगी होता. का, ते कळायला अर्धा दिवस गेला.

जमीन मोजणीची माहिती बहुधा मीटरमध्ये मोजता येईल अशा प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडायच्या रीतीत, ठेवतात. यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे असतात. ७८ अंश पूर्व रेखावृत्तावर एक पट्टा संपून दुसरा सुरू होतो, आणि ही रेघ नेमकी वऱ्हाडातून जाते: अमरावती शहर ४३व्या पट्ट्यात, यवतमाळ शहर ४४व्यात. संकेतस्थळांवरचे नकाशे मात्र वेब मर्केटर नावाच्या तिसऱ्याच प्रक्षेपणात असतात. म्हणून कोणीतरी (मीच, खोटं कशाला बोलू) प्रश्न असा लिहिला होता: प्रत्येक गट आधी वेब मर्केटरमध्ये बदल, मग तो टाइलच्या चौकोनात येतो का बघ. दिसायला निरागस वाक्य. पण इंडेक्स मूळ आकृत्यांचा होता, बदललेल्या आकृत्यांचा नव्हता, त्यामुळे डेटाबेसने तो बाजूला ठेवला आणि लाखो आकृत्या एकेक करून बदलत बसला. हेच उलटं करायचं असतं. एकटा टाइलचा चौकोन गटांच्या प्रक्षेपणात बदलायचा आणि इंडेक्सला विचारून निवडलेले मोजके गट तेवढे वेब मर्केटरमध्ये न्यायचे. एका ओळीची अदलाबदल. मेमरीच्या बिलाची आठवण तेव्हा झाली, पण मी ती बोलून दाखवली नाही.

इंडेक्स चालू असला तरी फसतो, तो प्रकार नद्यांच्या थरात सापडला. ओळखीचं उदाहरण म्हणून गोदावरी घ्या. त्र्यंबकेश्वरपासून बंगालच्या उपसागरापर्यंतची सगळी नदी एकच सलग रेघ म्हणून साठवली, तर तिच्याभोवतीची सरळ चौकट केवढी होईल? नदी वायव्येकडून आग्नेयेकडे तिरपी जाते, त्यामुळे चौकटीत पुणं येतं, सोलापूर येतं, हैदराबादही येतं. पर्वतीची टाइल काढतानाही इंडेक्स म्हणतो, गोदावरी इथे असू शकेल, तिला बोलवा. मग १,४६५ किलोमीटरची नदी हजारो बिंदूंसह उचलून आणली जाते, तपासली जाते आणि परत पाठवली जाते. दर टाइलला. मोठी जंगलं, समुद्र, राज्यांच्या हद्दी, सगळ्यांचं हेच. उपाय म्हणजे लांबलचक आकृत्या कापून लहान तुकड्यांत साठवायच्या. पोस्टजीआयएसमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या नकाशासाठीच्या जोडणीत, बहुभुज कापायला यासाठी तयार फंक्शन आहे, ते तसंच रेघाही कापतं. फक्त तुकड्यांच्या कडा बाह्यरेषा म्हणून रंगवू नयेत, नाहीतर नकाशावर चौकटीची चादर दिसायला लागते.

नावं लिहिण्याचा खर्च लोकांच्या लक्षातच येत नाही. एक नाव दुसऱ्यावर चढू नये म्हणून प्रत्येक नवी पाटी आधी लावलेल्या पाट्यांशी ताडून बघावी लागते. जास्तीत जास्त नावं एकमेकांवर न चढता बसवायचा प्रश्न गणिताच्या दृष्टीने इतका कठीण आहे, की मोठ्या नकाशासाठी नेमकं उत्तर पटकन काढणारी रीत कोणाकडेच नाही; सगळे अंदाजपंचे पण चालेल अशा उत्तरावर भागवतात. त्यात आपली देवनागरी. इंग्रजी अक्षरं ओळीने मांडली की झालं; 'चिखलदऱ्या'ची वेलांटी मात्र 'च'च्या आधी काढायची, 'ऱ्या'मधला अर्धा 'र' योग्य जागी बसवायचा, हे काम हार्फबझसारख्या वेगळ्या प्रणालीला सांगावं लागतं. शिवाय टाइलच्या कडेवर नाव अर्धं कापलं जाऊ नये म्हणून आठ गुणिले आठ अशा ६४ टाइल एकाच मोठ्या चित्रात काढून नंतर कापायची पद्धत आहे. ६४ वेळा डेटाबेसचं दार ठोठावण्यापेक्षा एकदा ठोठावणं स्वस्त, हा वरचा फायदा.

विमानातून किंवा उपग्रहातून घेतलेली छायाचित्रं मागे असतील तर त्यांच्या लहान प्रती आधीच करून ठेवाव्यात: निम्म्या आकाराची, पाव आकाराची, अशा. सगळ्या प्रती मिळून मूळ फाइलच्या एक तृतीयांशाएवढीच जागा जास्त घेतात. चित्राचे रंग मोजके असतील तर पीएनजी २५६ रंगांत बसवावी, हलकी होते.

उरली कॅश, म्हणजे एकदा काढलेली टाइल जपून ठेवणं. ती हवीच. पण निदान व्हायच्या आधी कॅश लावणं म्हणजे तापावर गोळी घेऊन कामाला जाणं. पहिल्यांदा येणारा माणूस तसाच कण्हत बसतो. अमरावती विभागासाठी बाराव्या झूमला साधारण साडेपाचशे टाइल लागतात. तेवढ्या रात्रीतून काढून ठेवता येतात. अठराव्याला त्यांच्या साडेबावीस लाखांच्या आसपास होतात आणि त्यातल्या बहुतेक कोणी कधी उघडणारही नाही. आम्ही चौदाव्या झूमपर्यंतच्या आधी काढल्या, पुढच्या मागणीनुसार.

नकाशा आता झटकन उघडायला लागला. आठवड्याने कार्यालयातून फोन आला. तक्रार होती. "आधी उघडला की सगळे जिल्हे कसे भरलेले दिसायचे. आता गट गेले कुठे?" ते गट कधीच दिसत नव्हते, दिसत होता तो करडा ढग, हे समजवायचा मी दोन वेळा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी विभागातले ५६ तालुके फिकट करड्या रंगाने भरून दिले. छप्पन आकृत्या. "हां, आता आलं बघा," असं पलीकडून उत्तर आलं.