ताण आणि चिंता : दैनंदिन व्यवस्थापन

समोरची परिस्थिती आपल्या आवाक्याबाहेर चालली आहे असे वाटू लागताच शरीर आणि मन यांत सज्जतेची जी अवस्था निर्माण होते, तिला ताण म्हणतात. जे अजून घडलेले नाही आणि कदाचित घडणारही नाही, त्याच्या कल्पनेने येणाऱ्या अस्वस्थतेला चिंता म्हणतात. ताणाला बहुधा समोर दिसणारे कारण असते आणि ते दूर झाले की तो ओसरतो. चिंतेचे तसे नाही. एक कारण संपले तर ती दुसरे शोधून काढते. मराठी बोलीत आता या दोहोंसाठी ‘टेन्शन’ हा एकच शब्द चालतो, आणि ते येते, घेतले जाते, शिवाय दुसऱ्याला दिलेही जाते. जुन्या शब्दांत छटा अधिक आहेत : धाकधूक, हुरहूर, धास्ती, घोर. ‘काळजी’ तर काळजाशीच नाते सांगते. पोटात गोळा येणे, हातपाय गार पडणे, जीव टांगणीला लागणे हे वाक्प्रचार पाहिले की चिंता हा नुसता मनाचा व्यापार नव्हे हे भाषेने फार पूर्वीच ओळखले होते असे दिसते.

अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये या अवस्थेचे ‘लढा किंवा पळा’ असे वर्णन केले. धोका जाणवताच अनुकंपी तंत्रिका तंत्र (शरीराला आपोआप सज्ज करणारे मज्जातंतूंचे जाळे) जागे होते, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके आणि श्वासाचा वेग वाढतो, पचनाचे काम मागे पडून रक्त स्नायूंकडे वळते आणि तोंडाला कोरड पडते. त्यापाठोपाठ मेंदू आणि त्याच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी (पिट्युटरी) यांच्याकडून निघालेल्या संदेशांमुळे कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक वाढते व रक्तातील साखर हाताशी राहते. ताणाचे संशोधक हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या छोट्याशा टिपणात असे दाखवले की, प्रयोगशाळेतील उंदरांना थंडी, इजा, विषारी द्रव्य असा कोणताही त्रास दिला तरी त्यांच्या शरीराचा प्रतिसाद ठरावीक असतो. हा प्रतिसाद तीन टप्प्यांनी जातो : धोक्याची सूचना, प्रतिकार आणि शेवटी थकवा. मुळात ही यंत्रणा काही मिनिटांच्या संकटासाठी घडलेली आहे. गृहकर्जाचा हप्ता वीस वर्षे चालतो, आणि त्याच्यापासून पळूनही जाता येत नाही.

मोठ्या घटना माणसाला अधिक खचवतात की रोजच्या किरकिरी, हा प्रश्न मानसशास्त्रात बराच गाजला. होम्स आणि राहे या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातील ४३ घटनांची गुणांनिशी यादी केली. तीत जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण होते आणि विवाहाला ५०, म्हणजे आनंदाची घटनाही ताण आणते हे त्यांनी गृहीत धरले होते. पुढे १९८१ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लॅझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, मानसिक तक्रारींचा अंदाज या मोठ्या घटनांपेक्षा रोजच्या बारीकसारीक कटकटींवरून अधिक चांगला बांधता येतो. चुकलेली लोकल, न आलेले पाणी, शाळेच्या पालकगटावर सकाळपासून वाजणारा मोबाइल, ही ती कटकट. लॅझारस यांचा दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे : ताण घटनेत नसतो, घटनेचा आपण जो अर्थ लावतो त्यात असतो. कामानिमित्त पुण्यामुंबईत राहणाऱ्या आणि आईवडील गावी असलेल्या माणसाचा फोन रात्री अकरानंतर वाजला की पडद्यावरचे नाव वाचण्याआधीच त्याच्या छातीत धडधडू लागते. दुपारी तोच फोन, तेच नाव, पण काहीच होत नाही.

चिंता टिकून कशी राहते हे समजल्याशिवाय तिच्यावरचे उपाय समजत नाहीत, म्हणून येथे थोडे थांबायला हवे. बँकेचे पाकीट आले आहे. आत थकलेल्या हप्त्याची नोटीस असेल या धास्तीने घरातील कर्ता माणूस ते न उघडताच फ्रिजवर ठेवून देतो. ठेवल्याक्षणी त्याला बरे वाटते. हे बरे वाटणे हीच अडचण आहे, कारण त्यातून मेंदू एवढेच शिकतो की पाकीट धोकादायक होते आणि न उघडल्यामुळे आपण वाचलो. दुसऱ्या दिवशी फ्रिजकडे पाहणेही नको वाटते. आठवड्याने बँकेवरून जाणारा रस्ता बदलतो. पाकीट उघडले असते तर कदाचित नोटीसच निघाली असती, पण निदान तिच्यावरचा आकडा आणि तारीख कळली असती, आणि आकड्याशी झुंजता येते. जिना उतरून पुन्हा वर जाऊन गॅसचे बटण पाहणे, प्रकृतीविषयी दिवसातून चार वेळा घरच्यांना विचारणे, इंटरनेटवर लक्षणे शोधत बसणे हीसुद्धा टाळण्याचीच रूपे आहेत. त्यांत शंका टाळली जाते. म्हणून चिंतेवरील जवळजवळ प्रत्येक प्रभावी उपचारात, ज्याची भीती वाटते त्याला लहान लहान पायऱ्यांनी सामोरे जाणे हा भाग असतो. मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५० च्या दशकात याची पद्धतशीर मांडणी केली. लिफ्टची भीती असलेल्याने प्रथम दार उघडे ठेवून आत नुसते उभे राहावे, मग कोणाच्या सोबतीने एक मजला जावे, मग एकट्याने. प्रत्येक पायरीवर भीती आपोआप ओसरेपर्यंत थांबावे, मध्येच पळ काढू नये.

लॅझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये ताणाला तोंड देण्याचे दोन प्रकार सांगितले : समस्येवर केलेली कृती आणि भावनेवर केलेली कृती. जे बदलता येते तेथे पहिली उपयोगी, जे बदलता येत नाही तेथे दुसरी. व्यवहारात याची अदलाबदल होते. पेरणी करून बसलेला शेतकरी पावसाचे काही करू शकत नाही, पण पीकविम्याची मुदत पाळू शकतो. घोर मात्र बहुधा पावसाचाच लागलेला असतो.

शरीराच्या बाजूने ताण उतरवण्याचे सर्वांत सोपे साधन श्वास हे आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, कारण उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती मंदावणाऱ्या व्हेगस तंत्रिकेचा प्रभाव वाढतो. त्यामुळे श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा लांबवला तर शरीर शांततेकडे झुकते. चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा, असे पाच मिनिटे करणे पुरेसे असते. एरवी मिनिटाला १२ ते २० असणारे श्वसन यात सहाच्या आसपास येते. भ्रामरी प्राणायामात गुंजारव करताना उच्छ्वास आपोआप लांबतो, ही गोष्ट योगाभ्यासकांना अनुभवाने ठाऊक होती. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करून आसने व प्राणायाम यांचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली, तेव्हा अशा अभ्यासाची जगात फारशी उदाहरणे नव्हती. दुसरे साधन स्नायूंचे शिथिलीकरण. एडमंड जेकबसन यांच्या पद्धतीत मुठी, खांदे, जबडा, पोट, पोटऱ्या असे एकेक स्नायुगट काही सेकंद घट्ट आवळून मग एकदम सैल सोडतात. बहुतेकांना आपला जबडा दिवसभर आवळलेला असतो हे त्या वेळी पहिल्यांदा कळते.

व्यायाम आणि झोप यांविषयी लोकांना सांगावे लागत नाही, करावे लागते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. झपाट्याने चालणे त्यात येते. चहा-कॉफीतील कॅफीनपैकी निम्मे साधारण पाच तासांनीही रक्तात उरते, तेव्हा संध्याकाळी सातचा चहा मध्यरात्रीच्या जागरणात भागीदार असतो.

विचारांच्या बाजूने केलेल्या उपायांत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती महाराष्ट्रात विशेष रुजली. कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत नेली, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ या संस्थेच्या कामातही तिला मोठे स्थान आहे. इच्छा माणसाला छळत नाही, तिचा हट्टाग्रह झाला की छळते, असे ही पद्धती मानते. हा फरक मराठीत एका अक्षराने दाखवता येतो. ‘मला हे काम मिळावे’ ही इच्छा. ‘मला हे काम मिळालेच पाहिजे’ यातील ‘च’ चिंता घेऊन येतो, कारण मग न मिळणे ही गैरसोय न राहता सर्वनाश ठरतो. हा ‘च’ पकडून त्याला पुरावा विचारणे, म्हणजे न मिळाल्यास नेमके काय होईल, ते सहन होणार नाही हे कशावरून, असे स्वतःला लिहून विचारणे, हा या पद्धतीचा रोजचा सराव आहे. ‘सगळे छान होईल’ असे घोकणे हा तिचा भाग नाही.

चिंतेला वेळ नेमून देण्याचा उपायही उपयोगी ठरला आहे. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये त्याचा अभ्यास केला : रोज ठरावीक जागी, ठरावीक वेळी अर्धा तास चिंता करायची, आणि एरवी मनात आलेली चिंता त्या वेळेवर ढकलायची. ऐकायला हे विनोदी वाटते. पण दुपारी टिपून ठेवलेल्या पाच काळज्यांपैकी संध्याकाळी सहा वाजता दोन-तीनच चिंता करण्याजोग्या उरतात. ही वेळ झोपेच्या तोंडावर मात्र ठेवू नये.

घरच्यांनी दिलेला ‘टेन्शन घेऊ नकोस’ हा सल्ला हेतूने चांगला असला तरी निरुपयोगी असतो. त्याने ऐकणाऱ्याला आपले म्हणणे संपवायला सांगितल्यासारखे वाटते. ‘नक्की कशाची भीती वाटते?’ असे विचारून दहा मिनिटे मध्ये न बोलता ऐकणे अधिक कामाचे. भजनी मंडळ, महिलांची भिशी, सोसायटीच्या कट्ट्यावरची संध्याकाळ यांनी हे काम मानसशास्त्राचे नाव न घेता दीर्घकाळ केले आहे, अर्थात तेथे गुपित गुपित राहतेच असे नाही.

स्वतः करण्याच्या या उपायांना मर्यादा आहेत. सहा महिने किंवा अधिक काळ बहुतेक दिवशी आवरता न येणारी चिंता राहिली आणि झोप, काम वा नाती बिघडू लागली, तर तो चिंताविकार असू शकतो. अचानक येणारा भीतीचा झटका काही मिनिटांत शिगेला पोचतो; छातीत दुखणे, श्वास कोंडणे, आता मरणार असे वाटणे ही त्याची लक्षणे हृदयविकाराच्या झटक्याशी इतकी मिळतीजुळती असतात की पहिल्या वेळी तो केवळ चिंतेचा मानून घरी बसणे चुकीचे आहे. थायरॉइड ग्रंथीच्या अतिक्रियेतही धडधड व अस्वस्थता येते. उपचारांत बोधात्मक वर्तनोपचार (विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणारा संवादातून केलेला उपचार) आणि औषधे यांचा समावेश होतो. दीर्घकाळ घ्यायच्या नेहमीच्या औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. लगेच आराम देणाऱ्या बेन्झोडायाझेपीन गटातील गोळ्यांची सवय लागते, म्हणून जुन्या चिठ्ठीवर त्या परस्पर घेत राहू नयेत. दारूने तासभर बरे वाटते आणि दुसऱ्या दिवशीची चिंता वाढते.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५–१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र मात्र नव्हता. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून अमलात असून, शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमासंरक्षण देणे त्याने कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून ती चोवीस तास चालते आणि तिच्यावर मराठीतही बोलता येते. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर वर दिलेले कोणतेही घरगुती उपाय करून पाहत न बसता या क्रमांकावर किंवा जवळच्या रुग्णालयात तत्काळ संपर्क साधावा.