ओंजळभर वाळूचा हिशेब

गोल्फमध्ये एरवी क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, चेंडूवर आदळतो. ग्रीनलगतच्या (भोक असलेल्या बारीक गवताच्या पट्ट्यालगतच्या) बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, चेंडू काढताना मात्र तो चेंडूला लागताच कामा नये. क्लब चेंडूच्या साधारण पाच सेंटिमीटर मागे वाळूत शिरतो, चेंडूखालून सरकतो आणि पुढे बाहेर पडतो. चेंडू उडतो तो वाळूच्या धक्क्याने. मग तो 10 मीटर जाणार की 20, हे ठरतं कशावर?

आधी वाळू मोजू. क्लबने पाडलेला खड्डा 15 सेंमी लांब, 7 सेंमी रुंद आणि दीड सेंमी खोल धरला, तर ढोबळमानाने पाव किलो वाळू उडाली. चेंडू नियमानुसार जास्तीत जास्त 45.93 ग्रॅमचा. म्हणजे खेळाडू खरं तर पाचपट वजनाची वाळू फेकत असतो. चेंडू तिच्यावर स्वार होऊन जातो. म्हणूनच गवतावरून तेवढंच अंतर गाठायला लागतो त्याच्या दुप्पट-तिप्पट स्विंग इथे घ्यावा लागतो. नवख्याचा यावर विश्वास बसत नाही. तो ऐनवेळी हात आखडता घेतो आणि चेंडू बंकरमध्येच राहतो.

हवेचा विरोध सोडला, तर 45 अंशांत उडालेल्या चेंडूला 10 मीटर जायला ताशी 36 किलोमीटर वेग पुरतो, 20 मीटरला ताशी 50. अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे वेगात दहा टक्के चूक झाली की अंतर वीस टक्क्यांनी चुकतं. वाळू कमी-जास्त काढून अंतर साधावं, असाही सल्ला ऐकू येतो. मला तो जुगार वाटतो. वाळू दरवेळी तेवढीच काढावी आणि बदलावा तो फक्त वेग.

तेवढीच वाळू निघावी म्हणून तर सँड वेज हा वाळूसाठीचा खास क्लब आहे. साध्या क्लबची धार नांगराच्या फाळासारखी खोल रुतायची. अमेरिकन खेळाडू जीन साराझेनने क्लबच्या बुडाला शिसं डाखून मागची कड पुढच्या धारेपेक्षा खाली आणली. उड्डाण घेताना विमानाची शेपटी खाली जाते, त्यावरून हे सुचल्याचं तो सांगे. असं बूड कुळवासारखं वरवर चालतं. या क्लबसह 1932 ची ब्रिटिश ओपन त्याने जिंकली.

तरीही वाळू वाळूत फरक असतोच. पावसाने घट्ट बसलेल्या वाळूत पाणी कणांना धरून ठेवतं (समुद्रकाठचा किल्ला उभा राहतो तो याच पाण्यावर). तिच्यावरून बूड उसळतं, वाळू कमी निघते आणि त्याच स्विंगला चेंडू भलताच लांब जातो. भुसभुशीत वाळूत बूड खोल जातं, चेंडू अलीकडेच पडतो.

पंचाईत अशी, की फटक्याआधी क्लब टेकवून वाळू चाचपायला नियमाने बंदी आहे. पाय रोवून उभं राहायला मात्र परवानगी आहे. बंकरमध्ये उतरलेला खेळाडू बूट इकडेतिकडे घुसळतो, तेव्हा तो नुसता तोल सावरत नसतो. वाळू किती खोल आहे, किती ओली आहे, हे त्याला तळव्यांतून कळत असतं.