पिवळा दगड दुकानात आणण्याआधी : कार्नोटाइटबद्दल थोडं

‘मुलीने अमेरिकेहून आणलाय. यूव्ही टॉर्चखाली चमकत नाही, म्हणजे युरेनियम नसेल ना?’ हे आमच्या खनिजांच्या दुकानात सतत विचारलं जातं. टॉर्चवरून ते ठरत नाही.

कार्नोटाइट म्हणजे पोटॅशियम, युरेनियम आणि व्हॅनेडियमचं खनिज. कोलोरॅडो आणि युटामधल्या वालुकाश्मात, कधी दगड झालेल्या लाकडातही, त्याची लिंबापिवळी भुकटी सापडते. शुद्ध खनिजात वजनाने निम्म्याहून जास्त युरेनियम असतं. अमेरिकन महिलांनी १९२१ मध्ये मेरी क्युरींना दिलेलं एक ग्रॅम रेडियम याच खनिजातून काढलेलं होतं. असा नमुना संग्रहात हवासा वाटणं साहजिक आहे.

घोळ होतो तो टॉर्चमुळे. ऑट्युनाइट हे युरेनियमचं दुसरं खनिज टॉर्चखाली हिरवं झळाळतं, म्हणून सगळीच तशी असतात असं लोक धरून चालतात. कार्नोटाइट झळाळत नाही. उलट नाशिककडचा पॉवेलाइट शॉर्टवेव्ह यूव्ही प्रकाशात सोनेरी पिवळा उजळतो. तो मॉलिब्डेनम धातूचा, किरणोत्सर्गी नव्हे. घाबरून चांगला पॉवेलाइट परत करायला येणारे ग्राहक आम्हाला भेटतात, आणि कार्नोटाइट रुमालात बांधून आणणारेही. मग टेबल ओल्या कापडाने पुसून, किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर फिरवूनच पुढचं गिऱ्हाईक घ्यावं लागतं.

म्हणून आधी फोटो आणि दगड कुठला ते व्हॉट्सॲपवर पाठवा. कोलोरॅडो-युटाचा पिवळा दगड आम्ही दुकानात घेत नाही. काहींना हे ताठर वाटतं, पण हे खनिज नखानेही खरवडतं, आणि त्याची धूळ श्वासातून आत गेली की फुप्फुसात बसते, आणि एरवी त्वचेवर अडणारे किरणोत्सर्गाचे अल्फा कण तिथे आतून इजा करतात. घासू नका, धुऊ नका. झाकणाच्या डब्यात, झोपायच्या खोलीपासून दूर ठेवा. त्यातून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू निघतो. हात धुवा आणि अणुशक्तीनगरच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला विचारा. युरेनियमचा व्यवहार अणुऊर्जेच्या कायद्याखाली येतो, त्यामुळे आम्ही कार्नोटाइट विकतही नाही, विकत घेतही नाही.

आमच्याकडून घेतलेला कोणताही नमुना गायगर काउंटरवर मोफत तपासून देतो. पिवळाच हवा असेल तर पॉवेलाइट बघा. व्हॅनेडियमची ओढ असेल तर वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट आहे. चांगले गुच्छ फार दिवस टिकत नाहीत, येण्याआधी फोन करा.