लेबल प्रिंटरची शाई असते कुठे?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक जाहिरात फिरतेय. मुठीत मावेल एवढा लेबल प्रिंटर, मोबाईलला ब्लूटूथनं जोडायचा, आणि खाली ठळक अक्षरात "शाई नको, टोनर नको, लेबल आयुष्यभर टिकणार". त्यावर लगेच दोन पार्ट्या पडल्या. एकीचं म्हणणं, शाईच नाही तर छापणार कसा, फसवाफसवी आहे सगळी. दुसरी म्हणते, आमच्या घणसोलीच्या ऑफिसात आहे हा, रोज वापरतो, कधी शाई भरलेली आठवत नाही. मला हा विषय प्रचंड आवडतो म्हणून हा लेख. जाहिरातीतलं शाईचं खरं आहे, आयुष्यभराचं खोटं आहे, आणि दोन्हींचं कारण एकच आहे: रंग कागदातच आधीपासून भरलेला असतो, आणि तो जसा उमटतो तसाच परत जाऊही शकतो.

हा कागद तुमच्या खिशात रोज असतो. टीएमटी किंवा एनएमएमटीच्या कंडक्टरकडच्या मशीनमधून निघणारं तिकीट, एटीएमची स्लिप, पेट्रोल पंपाची पावती, सगळा थर्मल कागद. खात्री करायची असेल तर जुनी पावती घ्या आणि छापलेल्या बाजूवर नखानं जोरात रेघ ओढा. काळी रेघ उमटते. नखाच्या घर्षणानं तिथं क्षणभर उष्णता तयार झाली, बास, तेवढी पुरते. प्रिंटर हेच काम करतो, फक्त फार नेमकेपणानं.

आता या कागदावरच्या थरात काय असतं ते बघू, कारण खरी मजा इथंच आहे. पांढऱ्या दिसणाऱ्या त्या पातळ थरात मुख्य तीन पदार्थ असतात. पहिला रंगद्रव्य, ज्याला ल्युको डाय म्हणतात, पण हे रंगद्रव्य सध्या रंगहीन आहे. दुसरा डेव्हलपर, म्हणजे एक सौम्य आम्लधर्मी पदार्थ. आणि तिसरा मेणासारखा लवकर वितळणारा पदार्थ, त्याला सेन्सिटायझर म्हणतात. हे वेगवेगळे दळून एक-दोन मायक्रॉनचे कण केलेले असतात आणि मग एका चिकट माध्यमात मिसळून कागदावर फासलेले असतात. कण शेजारी शेजारी बसलेत पण घन आहेत, त्यामुळे एकाचे रेणू दुसऱ्यात जाऊ शकत नाहीत. उष्णता दिली की मेणासारखा पदार्थ वितळतो, त्यात बाकीचे दोघं विरघळतात, आणि रंगद्रव्याच्या रेणूला पहिल्यांदाच आम्ल भेटतं.

आम्ल भेटल्यावर काय होतं हे समजायला शाळेतल्या प्रयोगशाळेत जाऊ. फिनॉल्फथॅलिन आठवतंय ना, आम्लात रंगहीन आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकलं की गुलाबी? लाचखोरांना पकडायच्या सापळ्यात नोटांना लावतात तीच पावडर, हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की गुलाबी. फिनॉल्फथॅलिनच्या रेणूत एक छोटं कडं असतं, त्याला लॅक्टोन म्हणतात. कडं बंद तर रंग नाही, कडं उघडलं तर रंग. थर्मल कागदातल्या रंगद्रव्यातही हेच लॅक्टोनचं कडं आहे, फरक एवढाच की फिनॉल्फथॅलिनमध्ये ते अल्कलीनं उघडतं आणि इथं आम्लानं.

(ओघात आलंच आहे तर सांगतो, लिंबू कापून त्यातून "रक्त" काढणारे बुवा आम्लात रंग बदलणाऱ्या अशाच एका रसायनाची करामत वापरतात. सुरीला आधी मिथिल ऑरेंज लावून वाळवलेलं असतं, लिंबाच्या आम्लात ते लालभडक होतं. अंनिसचे कार्यकर्ते गावोगावी हा प्रयोग करून दाखवत आलेत, तरी लोक अजून त्या बुवांना पैसे देतात याचा मला मनापासून राग येतो. पोरांना शाळेत इंडिकेटर शिकवताना हे पण सोबत शिकवलं पाहिजे.)

पण कडं उघडल्यानं रंग का यावा? इथं थोडं डोकं लावावं लागेल, लावा, सोडून देऊ नका. बंद अवस्थेत रेणूच्या मधोमध एक कार्बन अणू असतो, ज्याचे चार बंध चार दिशांना गेलेले असतात. त्याच्या भोवती बेंझिनची कडी आहेत, त्यांच्यात सैल, फिरते इलेक्ट्रॉन आहेत, पण मधला कार्बन चारही बंधांत अडकल्यामुळं एका कड्यातले इलेक्ट्रॉन दुसऱ्या कड्यात जाऊ शकत नाहीत. प्रत्येकजण आपापल्या छोट्या जागेत कोंडलेला. आम्ल मिळून लॅक्टोन उघडला की मधल्या कार्बनचा एक बंध सुटतो, तो कार्बन सपाट होतो, उरलेले तीन बंध एका पातळीत येतात, आणि इलेक्ट्रॉनना आता या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग रस्ता मिळतो. एकाआड एक दुहेरी बंधांची लांब साखळी तयार होते, पुस्तकात याला संयुग्मन म्हणतात. झोक्याचा दोर आखूड असेल तर झोका पटपट हलतो आणि लांब असेल तर सावकाश, तसं इलेक्ट्रॉनची जागा छोटी असेल तर तो जास्त ऊर्जेचा, म्हणजे अतिनील प्रकाश शोषतो, आणि जागा मोठी झाली की कमी ऊर्जेचा प्रकाश त्याला पुरतो. अतिनील आपल्याला दिसत नाही, त्यामुळे तो शोषणारा रेणू आपल्याला रंगहीन वाटतो. साखळी लांब झाली की शोषण ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या दृश्य पट्ट्यात सरकतं आणि रंग दिसतो. काळ्यासाठी जी रंगद्रव्यं वापरतात ती निळ्याच्या आणि नारिंगीच्या अशा दोन्ही भागांत चांगलं शोषण करतात, म्हणून डोळ्याला काळं दिसतं.

म्हणजे कागदावर नवीन काही येऊन पडत नाही. जो रेणू तिथंच होता त्याचा एक बंध सुटला, एवढंच.

ही कल्पना जुनी आहे. बिलबुकात कार्बन न घालता खालच्या गुलाबी-पिवळ्या कागदावर कॉपी उमटते ना, तो कार्बनलेस कागद १९५० च्या दशकात एनसीआर कंपनीनं आणला, त्यातही लॅक्टोनवालंच रंगद्रव्य, फक्त तिथं पेनाच्या दाबानं सूक्ष्म कुप्या फुटून आम्लधर्मी थराशी गाठ पडते. उष्णतेनं छापायच्या प्रिंटरच्या शोधात १९६० च्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बींचा वाटा होता, हे तेच किल्बी ज्यांना इंटिग्रेटेड सर्किटसाठी २००० साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रिंटरच्या आत मग काय असतं? सिरॅमिकच्या पट्टीवर एका ओळीत बसवलेले बारीक बारीक हीटर. साध्या प्रिंटरवर २०३ डीपीआय (एका इंचात २०३ ठिपके) लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ दर मिलिमीटरला ८ हीटर. छापायची रुंदी ४८ मिलिमीटर असेल तर एका ओळीत ३८४. कागद रबरी रोलरनं या ओळीवर दाबला जातो, ज्या ठिपक्यांना काळं व्हायचंय त्या हीटरमधून साधारण एखाद मिलिसेकंद करंट जातो, मग कागद एक ओळ पुढं सरकतो. गंमत अशी की नुकताच तापलेला हीटर पुढच्या ओळीला अजून गरमच असतो, त्याला परत तेवढीच ऊर्जा दिली तर ठिपका पसरून अक्षर फुगतं, म्हणून चांगल्या प्रिंटरमधली चिप प्रत्येक हीटरचा मागचा हिशोब ठेवते आणि त्याला कमी ऊर्जा देते. शिवाय हेडला तापमान मोजणारा सेन्सर असतो, नाहीतर एसी ऑफिसात फिकं आणि मे महिन्यात वर्कशॉपमध्ये गडद असं झालं असतं. बॅटरी उतरली की हीटर कमी तापतात म्हणून छपाई फिकी होते, शाई संपली वगैरे काही नसतं, चार्जिंगला लावा. आणि मध्येच एक उभी पांढरी रेघ येत असेल तर त्या जागी हेडवर बहुधा चिकट गोंद किंवा धूळ बसलीय. प्रिंटर बंद करा, हेड गार होऊ द्या, कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हातानं पुसा, पूर्ण वाळल्यावरच कागद घाला.

ब्लूटूथबद्दल फार लिहायची गरज नाही, तरी एक हिशोब बघा. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढंच सांगायचं म्हणजे एक बिट, ३८४ ठिपक्यांच्या ओळीला ४८ बाइट, ३० मिलिमीटर लांब लेबलाला २४० ओळी, एकूण ११,५२० बाइट. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एका गुड मॉर्निंगच्या फोटोपेक्षा कितीतरी कमी. ग्रुपवर कुणीतरी "वायरलेस आहे, रेडिएशन किती" असंही विचारलं होतं, तर तुमच्या कानातल्या ब्लूटूथ इयरफोनचाच २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे हा, लेबल पाठवायला एवढ्याशा माहितीसाठी क्षणभर वापरला जाणारा, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

यात मराठी माणसाच्या फायद्याची एक गोष्ट लपलीय. दुकानातले जुने बिल प्रिंटर स्वतःच्या आतले ठरावीक फॉन्ट वापरतात, त्यात बहुतेकदा देवनागरी नसते, म्हणून बिलावर "Tur Dal" अशा धाटणीचं रोमन लिपीतलं येतं. हे छोटे प्रिंटर मात्र मोबाईलकडून सरळ चित्र घेतात. जोडाक्षरं, मात्रा, रफार सगळं मोबाईल आधीच जोडून देतो, प्रिंटरला भाषा कळायची गरजच नाही. तेव्हा लेबलं मराठीत छापा, गोडा मसाला, भाजणी, मेतकूट असं स्वच्छ येतं. फक्त अक्षर मोठं ठेवा, कारण २ मिलिमीटर उंचीत १६च ठिपके मिळतात आणि त्यात शिरोरेषा, वरची वेलांटी, खालचा उकार सगळं बसवायचं असतं, इंग्रजी अक्षरं तेवढ्यात वाचता येतात पण "र्क्यू" नाही.

आता आयुष्यभर टिकण्याचं बोलू. छापताना वितळलेलं मिश्रण इतकं झटकन गार होतं की रंगद्रव्य आणि आम्ल तसेच एकमेकांत अडकून गोठतात. ही अवस्था कायमची पक्की नाही. संधी मिळाली की दोघं वेगळे होतात, लॅक्टोनचं कडं परत बंद होतं आणि अक्षर गायब. ही संधी देतात तेल, दमटपणा, फार वेळची ऊब, ऊन आणि प्लास्टिक मऊ करायला पीव्हीसीत घालतात ती रसायनं. म्हणून पीव्हीसीच्या पाकिटात जपून ठेवलेली वॉरंटीची पावती कोरी होते, ती आल्या दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पायलट कंपनीची खोडता येणारी फ्रिक्शन पेनं याच उलट्या प्रवासावर चालतात, घासून साधारण ६० अंशांच्या वर गेली की शाई रंगहीन होते, आणि तो कागद डीप फ्रीजरच्या थंडीत ठेवला तर लिहिलेलं परत दिसायला लागतं! मुलांना करून दाखवण्यासारखा याहून सुंदर प्रयोग मला माहीत नाही.

अल्कोहोलचं मात्र उलटं, ते दोन्ही पदार्थ विरघळवून एकत्र आणतं, त्यामुळे साध्या थर्मल कागदावर सॅनिटायझर पडला की आख्खा डाग काळा होतो. आणि घोडबंदर रोडला मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर लेबलांचा रोल विसरलात तर तो छापायच्या आधीच करडा झालेला मिळेल.

मग वापरायचं कुठं? जिथं लेबलाचं आयुष्य थोडंच लागतं तिथं हे उत्तम. फ्रीजमधल्या डब्यांवर तारीख, फ्रीजरमधले मटार आणि खोवलेला नारळ (थंडीत छपाई छान टिकते, पण लेबल डबा कोरडा असताना आणि आत ठेवायच्या आधी चिकटवा, ओल्या गार प्लास्टिकवर गोंद धरत नाही), एपीएमसीतून वर्षाचा मसाला आणला की प्रत्येक बरणीवर महिना, घरून डबे आणि फराळ देणाऱ्या ताईंचे ऑर्डरचे स्टिकर, ऑफिसात स्टॉकचे खोके. लोणच्याच्या बरणीला साधं लेबल लावू नका, तेलाच्या हातांनी पुसलं जाईल, तिथं वर संरक्षक थर असलेलं, पाणी, तेल आणि अल्कोहोल सहन करणारं सिंथेटिक लेबल घ्या, महाग असतं पण फरक दिसतो. औषधाच्या मूळ एक्स्पायरीवर तर कुठलंच लेबल चिकटवू नका.

डेव्हलपर म्हणून पूर्वी सर्रास बिस्फेनॉल ए वापरायचे, ज्याचा शरीरातल्या हार्मोनवर परिणाम होतो म्हणून युरोपियन युनियननं जानेवारी २०२० पासून थर्मल कागदात त्याचं प्रमाण वजनाच्या ०.०२ टक्क्याच्या खाली आणायला लावलं. पाकिटावर "बीपीए फ्री" असेल तर चांगलंच, पण त्याजागी बऱ्याचदा त्याचाच भाऊ बिस्फेनॉल एस असतो, त्यामुळे त्या दोन शब्दांवर हुरळून जाऊ नका. पावतीला हात लागला म्हणून घाबरायचं काही कारण नाही, मात्र सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हातानं थर्मल कागद हाताळला तर बिस्फेनॉल त्वचेतून जास्त शिरतं हे संशोधनात दिसलंय, तेव्हा हात वाळू द्या. आणि लेबल डब्याच्या बाहेर, पोळीभाजीला थेट चिकटेल असं नको.

सोसायटीच्या मीटर रूममधले फ्लॅट नंबर, महापे-तुर्भेच्या कारखान्यातल्या पॅनेलच्या वायरी, झाडांच्या कुंड्या, असल्या ठिकाणी वर्षानुवर्षं टिकायला हवं असेल तर दुकानात थर्मल ट्रान्सफर प्रिंटर मागा. त्यातही हीटरची तीच ओळ असते, पण ती रिबनवरची खरी शाई वितळवून लेबलावर बसवते. हिच्यात लॅक्टोनचा खेळ नाही, त्यामुळे उलटा प्रवासही नाही. काही टेपांमध्ये तर ही शाई वरच्या पारदर्शक थराखाली बंद होते, तिला पाणी आणि तेल लागतच नाही. त्यात रिबन संपते आणि विकत आणावी लागते, हा खर्च आधीच धरून चला.