डायलवरचे कुलूप : ग्रामीण विदर्भातील महाविद्यालयांत फोन, संगणक आणि नेट कसे आले

शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत जवळ आली की तालुक्याच्या गावात महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात रांग लागते. रस्त्याच्या अलीकडे, महाविद्यालयाच्या आवारात, चाळीस-पन्नास संगणकांचा कक्ष असतो आणि तो बहुतेक वेळा बंद असतो. नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांना हे दृश्य चमत्कारिक वाटते. पण या भागातील महाविद्यालयांत फोन, संगणक आणि नेट कोणत्या क्रमाने आणि कोणासाठी आले, हे पाहिले की त्यात नवल उरत नाही.

सुरुवात फोनपासून करावी लागते. १९८० च्या दशकापर्यंत तालुक्याच्या महाविद्यालयात फोन असलाच तर तो एकच असे आणि प्राचार्यांच्या टेबलावर असे. काळ्या उपकरणाच्या डायलच्या भोकात एक छोटे पितळी कुलूप अडकवलेले असे, त्यामुळे फोन घेता येई पण लावता येत नसे. किल्ली मुख्य लिपिकाकडे. विद्यापीठाशी बोलायचे तर ट्रंक कॉल, म्हणजे ऑपरेटरमार्फत जोडला जाणारा परगावचा फोन, नोंदवायचा आणि ऑर्डिनरी, अर्जंट की लायटनिंग, हे खर्चाकडे पाहून ठरवायचे. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी स्थापन होईपर्यंत पश्चिम विदर्भातील महाविद्यालयांचा सारा कारभार १९२३ पासूनच्या नागपूर विद्यापीठाशी जोडलेला होता, त्यामुळे परीक्षेच्या वेळापत्रकातील एखाद्या दुरुस्तीसाठी लिपिकाला एसटीने नागपूर गाठणे हे फोनपेक्षा खात्रीचे वाटे.

यात बदल घडवला तो १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन केंद्राने. त्यांनी तयार केलेले १२८ लाइनींचे ग्रामीण एक्स्चेंज वातानुकूलनाशिवाय चालत असे, आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जाणाऱ्या प्रदेशात या एका गुणाचे मोल फार मोठे होते. गावोगावी एसटीडी-पीसीओची, म्हणजे परगावी थेट फोन लावता येणाऱ्या सार्वजनिक फोनची, पिवळी पाटी दिसू लागली. वसतिगृहातली मुले रात्री उशिरा दर पावपट झाला की तिथे जाऊन उभी राहत आणि मीटरवरच्या लाल आकड्यांकडे डोळे लावून घरी बोलत. महाविद्यालयाचा फोन विद्यार्थ्याच्या हाती कधी आलाच नाही. त्याचा फोन आवाराबाहेरच होता. पुढे प्रत्येक सोयीच्या बाबतीत थोड्याफार फरकाने हेच घडत गेले.

संगणक प्रथम अभियांत्रिकी महाविद्यालयांत आले, तेही साहजिकच. राज्य सरकारने १९८३ मध्ये खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि त्याच वर्षी शेगावला श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. कला, वाणिज्य आणि विज्ञानाच्या अनुदानित महाविद्यालयांत मात्र संगणक दिसायला नव्वदचे दशक बरेचसे सरावे लागले. मी ज्या महाविद्यालयात ग्रंथपाल होतो तिथे पहिला संगणक आला तेव्हा त्याच्यासाठी खोलीला पडदे लावले, दाराशी चपला काढण्याची पाटी लावली आणि रोज संध्याकाळी त्यावर प्लॅस्टिकचे आवरण चढवले जाई. पगारपत्रके आणि परीक्षेचे अर्ज त्यावर होत. विद्यार्थ्यांना तो वर्षातून एकदा, स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात, खिडकीतून दाखवला जाई; हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही.

विद्यार्थ्यांपर्यंत संगणक पोहोचवण्याचे काम प्रत्यक्षात एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाने केले. २००१ मध्ये राज्य सरकारच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या अधिकृत केंद्रांचे जाळे तालुक्यांपर्यंत, पुढे मोठ्या गावांपर्यंत पसरले. सरकारी नोकरीसाठी संगणक अर्हतेची अट आल्यामुळे मुले फी भरून तिथे जाऊ लागली. त्या अभ्यासक्रमाच्या दर्जाबद्दल वाद घालता येईल, पण ग्रामीण भागातील एका पिढीने माउस पहिल्यांदा धरला तो महाविद्यालयात नव्हे, बाजारातल्या एखाद्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, हे नाकारता येत नाही.

नेटची कथा याहून गुंतागुंतीची आहे. देशात शैक्षणिक संस्थांना जोडणारे अर्नेट १९८६ मध्ये सुरू झाले, परंतु ते आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसारख्या मोजक्या ठिकाणांपुरते होते. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सेवा खुली केली ती महानगरांत. डायल-अपचे तत्त्व सोपे होते : फोन लावायचा आणि त्या लाइनीवरून संगणक बोलणार, पण फोन जिथे लावायचा ते केंद्र दुसऱ्या शहरात असेल तर प्रत्येक मिनिट एसटीडीच्या दराने मोजले जाई. बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये ब्रॉडबँड आणले तेव्हा ही अडचण सुटली. त्या वेळच्या धोरणानुसार किमान २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हणत, आणि तो वेगही आम्हाला श्रीमंती वाटला.

तांब्याच्या तारेवरून येणाऱ्या या नेटचा वेग एक्स्चेंजपासूनच्या अंतराबरोबर घटत जातो. ग्रामीण महाविद्यालये मात्र देणगीत मिळालेल्या जमिनीवर, गावापासून दोन-तीन किलोमीटर लांब, बहुधा शेताच्या कडेला उभी आहेत. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि तिच्यातून गेलेल्या केबलच्या जोडांवर दरवर्षी ताण येतो. मृगाच्या पहिल्या गडगडाटात मॉडेम जळू नये म्हणून आकाश भरून आले की शिपाई आधी धावत जाऊन फोनची पिन काढी आणि मग खिडक्या लावी. त्यात २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण भागात भारनियमनाची होती. दिवसातून कित्येक तास ‘लाईन’ नसे, आणि संगणक कक्षाच्या यूपीएसवर पंधरा मिनिटांत जेवढे होईल तेवढे प्रात्यक्षिक उरकावे लागे.

फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राने माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, तेव्हा योजना कागदावर खरोखरच चांगली होती. विद्यापीठांना १ जीबीपीएसची जोडणी आणि महाविद्यालयांना प्रत्येकी २० पर्यंत ब्रॉडबँड जोडण्या ५१२ केबीपीएस वेगाने मिळणार होत्या, आणि त्यांच्या खर्चातील ७५ टक्के वाटा केंद्र उचलणार होते. मार्च २०१० मध्ये मंजूर झालेल्या ५,९९० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्यामुळे विद्यापीठांच्या आवारात वेगवान फायबर आले. पण विदर्भातील बहुसंख्य विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात शिकतच नाहीत. ते संलग्न महाविद्यालयांत शिकतात. २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांसाठी स्वतंत्र गोंडवाना विद्यापीठ झाले, त्यानंतरही सिरोंच्याचे विद्यार्थी आपल्या विद्यापीठापासून सुमारे २०० किलोमीटर दूरच राहिले. आमच्याकडे ज्या जोडण्या आल्या त्यांची वाटणी प्राचार्य, कार्यालय, परीक्षा विभाग, ग्रंथालय, मग विभागप्रमुख अशी झाली. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात विद्यार्थी आणि संगणकांचे प्रमाण विचारले जाई, म्हणून संगणक मोजले जात. ते दिवसातून किती तास विद्यार्थ्यांसाठी उघडे असतात याचा हिशेब आमच्याकडे कोणी ठेवत नव्हते.

अपवाद म्हणून एन-लिस्टचा उल्लेख केला पाहिजे. २०१० मध्ये इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या मार्फत सुरू झालेल्या या योजनेत अनुदानित महाविद्यालयांना हजारो ई-नियतकालिके आणि ई-पुस्तके अल्प वार्षिक शुल्कात मिळू लागली. महत्त्वाची गोष्ट अशी की प्रवेश महाविद्यालयाच्या जोडणीला नव्हे तर प्रत्येक वाचकाच्या स्वतंत्र पासवर्डला बांधलेला होता, म्हणजे घरी बसूनही वाचता येई. मी शेकडो पासवर्ड काढून दिले. वापरणारे थोडे निघाले, कारण घरी नेटच नव्हते आणि मजकूर जवळजवळ सगळा इंग्रजीत होता.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि पाहता पाहता डेटा स्वस्त झाला. महाविद्यालयाच्या वायफायचा पासवर्ड मागणारे विद्यार्थी वर्षभरात दिसेनासे झाले. संस्थेने जे दिले नव्हते ते त्यांनी खिशातून घेतले, आणि त्यानंतर संस्थेनेही ते खिशातच आहे असे धरून चालायला सुरुवात केली. सूचना फलकावरची सूचना व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात गेली. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांना ती मैत्रिणीकडून, कधी दोन दिवसांनी, कळू लागली.

या गृहीतकाची परीक्षा २०२० मध्ये झाली, शब्दशः. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्टला अंतिम वर्षाच्या परीक्षा आवश्यक ठरवल्या आणि त्या राज्यात मुख्यतः बहुपर्यायी प्रश्नांच्या स्वरूपात, बऱ्याच अंशी मोबाईलवर, पार पडल्या. मेळघाटात आणि भामरागडकडे अनेक गावांत ‘कव्हरेज’ नव्हते. धारणीकडची आमची एक विद्यार्थिनी पेपरांसाठी परतवाड्याला मावशीकडे मुक्कामाला राहिली. तिच्या गावात टेकडीवरच्या एका मोहाखाली दोन कांड्या येत, पण तिथे पाऊस आला की फोन झाकायचा की पेपर सोडवायचा, असा तिचा प्रश्न होता.

आता सोयींची गाठ नेटपेक्षा फोन क्रमांकाशी अधिक पडते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्ती, परीक्षेचा अर्ज, मिळवलेले श्रेयांक साठवणाऱ्या श्रेयांक बँकेचे खाते, सगळीकडे ओटीपी लागतो, आणि घरात फोन एक असेल तर तो वडिलांकडे असतो. शिष्यवृत्तीच्या खिडकीवर हे संभाषण रोज ऐकू येते :

“बाबू, ओटीपी बाबांच्या फोनवर गेला.”

“मग लाव त्यांना.”

“ते वावरात आहेत. तिथे कव्हरेज नाही.”

शिवाय २८ दिवसांचे रिचार्ज हंगामात पैसे नसल्याने राहून जाते, सिम बंद पडते, आणि काही महिन्यांनी तोच क्रमांक दुसऱ्याच कोणाला मिळतो. मग विद्यार्थ्याचा ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जातो. ग्रामीण महाविद्यालयात संगणक आणि फोनसंबंधी तक्रार ऐकणारा स्वतंत्र विभाग नसतो. ते काम शिष्यवृत्तीच्या खिडकीवरचे बाबूच करतात. आमच्याकडच्या बाबूंच्या नोंदवहीत विद्यार्थ्याचे नाव, जात, आधार आणि बँक खाते शाईने लिहिलेले असते. मोबाईल क्रमांकाचा रकाना ते पेन्सिलने भरतात.