देशावरून अर्ज अडवलाय? अमेरिकेत उशिराविरुद्ध केस कोण करू शकतं, कागद काय लागतात

डिसेंबर २०२५ मध्ये यूएससीआयएसने (अमेरिकेचं इमिग्रेशन अर्ज हाताळणारं खातं) १९ देशांच्या लोकांचे ग्रीन कार्ड, सिटिझनशिप वगैरे अर्ज होल्डवर टाकले, जानेवारी २०२६ मध्ये ती यादी ३९ देशांवर गेली. भारत त्यात नाही, पण नागरिकत्वासोबत जन्माचा देशही बघतात, म्हणजे आईवडील नोकरीनिमित्त नायजेरियात असताना तुमचा जन्म तिथे झाला असेल तर पासपोर्ट भारतीय असूनही अडकू शकता. हा सरळ अन्याय आहे आणि त्याविरुद्ध फेडरल कोर्टात जाता येतं.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या. आपल्या भारतीयांपैकी बहुतेक जण ईबी-२, ईबी-३ च्या (नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डच्या) रांगेत अडकलेत, तिथे ७ टक्क्यांची देशनिहाय मर्यादा खुद्द काँग्रेसच्या कायद्यात आहे, त्यामुळे प्रायॉरिटी डेट (रांगेतली तुमची तारीख) आली नसेल तर केसवर पैसे घालवू नका. अर्ज भरल्यावर रांगेची तारीख पुन्हा मागे गेली तरी अर्ज निकाली काढा असं म्हणणाऱ्यांना नवव्या सर्किट कोर्टाने (फेडरल अपील कोर्ट) २०२३ मध्ये नकार दिलाय.

बाकी अर्ज पूर्ण आहे, फी भरली, बायोमेट्रिक्स झालं आणि तरी फाइल हलत नाही, तर मँडॅमस (अधिकाऱ्याला त्याचं काम करायला लावणारा) आणि एपीए (सरकारी खात्यांच्या कारभाराचा) या दोन कायद्यांखाली डिस्ट्रिक्ट कोर्टात, म्हणजे खालच्या फेडरल कोर्टात, दावा होतो. कोर्ट 'निर्णय द्या' एवढंच सांगतं, 'मंजूर करा' नाही. त्यामुळे फाइल कच्ची असेल तर नकारच लवकर हातात पडेल, तेव्हा आधी वकिलाला पूर्ण फाइल दाखवा. साध्या उशिराच्या केसमध्ये बरेचदा सरकार उत्तर देण्याऐवजी अर्जच निकाली काढतं, पण देशावरून होल्ड असेल तर ते लढतात, मग नुसत्या उशिरावर भागत नाही, ती पॉलिसीच बेकायदेशीर आहे हे दाव्यात मांडावं लागतं.

सिटिझनशिपवाल्यांची बाजू जास्त भक्कम आहे. इंटरव्ह्यूनंतर १२० दिवसांत निर्णय आला नाही तर तुम्ही राहता तिथल्या डिस्ट्रिक्ट कोर्टात जाता येतं, आणि इथे कोर्ट स्वतः निर्णय देऊ शकतं किंवा यूएससीआयएसला सूचना देऊन केस परत पाठवू शकतं. इंटरव्ह्यू संपल्यावर ऑफिसर एन-६५२ नावाचा निकालाचा कागद देतो, तो जपून ठेवा, इंटरव्ह्यू झाल्याचा पुरावा तोच.

कागदांमध्ये अर्जाची कॉपी, आय-७९७ रिसीट (अर्ज मिळाल्याची पोच), बायोमेट्रिक्स आणि इंटरव्ह्यूच्या नोटिसा, आरएफई (आणखी पुरावे मागणारी नोटीस) आली असेल तर तिचं उत्तर, पासपोर्ट, आणि तुम्ही केलेल्या चौकशा (ईमेल, काँग्रेसमनच्या ऑफिसचं पत्र). नोकरीची ऑफर गेली, आजारी आईला भेटायला जाता येत नाही, असं नुकसान झालं असेल तर त्याचे पुरावे नक्की जोडा, उशीर वाजवी आहे का हे ठरवताना कोर्ट ते बघतं.

कोर्टाची फी ४०५ डॉलर, परवडत नसेल तर माफीचा अर्ज करता येतो. दावा दाखल झाला की समन्स आणि दाव्याची कॉपी यूएस अॅटर्नीचं (त्या भागातल्या केंद्र सरकारच्या वकिलाचं) ऑफिस, वॉशिंग्टन डीसीतले अमेरिकेचे अॅटर्नी जनरल आणि यूएससीआयएस या तिघांना सर्टिफाइड मेलने जाते. वकील नसेल तर ती पाकिटं स्वतः पोस्टात टाकू नका, केसमध्ये नसलेल्या १८ वर्षांवरच्या कोणाकडून तरी पाठवा, नियमच तसा आहे. यूएस अॅटर्नीला पोचल्यापासून सरकारला उत्तराला ६० दिवस मिळतात.